आमच्या माशाला वास येत नाही

३ एप्रिल

शेजारच्या हाजी तय्यबने गच्चीवरची खोली भाड्याने दिली. आयव्हरी कोस्टच्या एका बाईला. मला विचारलं नाही. विचारायचं कारणही नाही — घर त्याचं, आणि तो स्वतः राहतो तिकडे समुद्राकडे. पण मधली भिंत दोघांची आहे.

रमजानचा दुसरा दिवस. डोकं ठणकतंय. कॉफी नाही म्हणून ठणकतंय, हे माहीत आहे. तिच्यामुळे ठणकतंय असं धरून चाललं की जरा हलकं वाटतं.

५ एप्रिल

मासा मिठात घातला. नऊ किलोचा हेकरू. आईच्या पद्धतीने — फाडायचा, पोटात मीठ भरायचं, थरावर थर, वर फळी, फळीवर दगड. पिंप मागच्या चौकात, दोन घरांच्या मधे, जिथे ऊन पोचत नाही. ईदेच्या सकाळी काढायचा, उकडायचा, शर्मुलाबरोबर, म्हणजे कांदा-मनुकांच्या दाट रश्शाबरोबर, खायचा. हल्ली सगळं स्फाक्स शहर बाजारातून तयार मासा आणतं. मी आणत नाही. या वयात अभिमान धरावा असं आणखी फार काही उरलेलं नाही.

१० एप्रिल, रविवार

वरती देवाची गाणी. टाळ्यांसकट. तिच्यासारख्याच आणखी तिघी आल्या होत्या. गाऊन झाल्यावर हसत बसल्या. किती हसतात! मी शेवटची अशी हसले ती माझ्या निवृत्तीच्या समारंभात, मुख्याध्यापक हार घालताना पायरीवरून घसरले तेव्हा. त्याला सहा वर्षं झाली.

१४ एप्रिल

वास. ऊन उतरायला लागलं की सुरू होतो. सडक्या माशाचा. पोट रिकामं असलं की नाक कुत्र्याचं होतं.

समोरची मनूबिया पदर नाकाला लावून आली.

'वसीला, तुला येतो का?'

'येतो.'

'वरून.'

'वरूनच.'

'सडवून खातात ग. माझ्या भावजयीने स्वतः पाहिलंय.'

तिच्या भावजयीने सगळंच स्वतः पाहिलेलं असतं. भूकंपसुद्धा.

मनूबिया त्यांच्यासाठी जो शब्द वापरते तो मी लिहिणार नाही. मी 'हे लोक' म्हणते. शिकलेली आहे.

१६ एप्रिल

कोपऱ्यावरचा दुकानदार लमीन आणि मनूबिया — शिष्टमंडळ म्हणून आले. हाजी तय्यबला अर्ज द्यायचाय, सगळ्या गल्लीच्या सह्यांचा. मी लिहावा.

'तुम्हीच लिहा ना,' म्हटलं.

लमीन म्हणाला, 'बाई, आम्ही लिहिलं तर ती कुरकुर होते. तुम्ही लिहिलंत तर वाङ्मय होतं.'

चौतीस वर्षं अरबी वाङ्मय शिकवलं. एक कादंबरी लिहिली. दोन प्रकाशकांनी परत पाठवली, तिसऱ्याने परतही पाठवली नाही. लमीन लबाड आहे. कुठे खाजवायचं ते त्याला बरोबर कळतं.

एका बैठकीत लिहून काढला. खाडाखोड नाही. असं गेल्या वीस वर्षांत झालं नव्हतं.

१८ एप्रिल

एक्केचाळीस सह्या. लमीन दुकानात उभा राहून वाचून दाखवतो. लोक साखर तोलायची थांबवून ऐकतात. एक वाक्य तर पाठ झालंय सगळ्यांना — 'हे लोक आले, आणि आमच्या संध्याकाळींतला मोगरा निघून गेला.'

आमच्या गल्लीत मोगरा नाही. कधीच नव्हता. लमीनच्या दुकानामागे एक लिंबाचं झाड आहे, तेही आजारी.

शहराबाहेर सहाव्या किलोमीटरवरच्या वस्तीतल्या लोकांनी प्रत मागितली. त्यांच्याकडेही 'हे लोक' आहेत. म्हणाले, पत्त्याची जागा मोकळी सोडा. माझी पहिली आवृत्ती संपली म्हणायची.

२१ एप्रिल

दुकानात ती होती. प्रथमच जवळून पाहिली. तिशीची असेल. केसांचा टोप जरा जास्तच लालसर. नाव अफुए — हे लमीनकडूनच कळलं, तो मुद्दाम चुकीचं उच्चारतो. ती पाव मागत होती. लमीनने कालचा पाव काढला आणि गल्ल्याच्या पलीकडून, नाटकातल्यासारखं, म्हटलं — 'हे लोक आले, आणि आमच्या संध्याकाळींतला मोगरा निघून गेला.' रांगेतले हसले.

तिला अरबी येत नाही. वळून मला फ्रेंचमध्ये विचारलं, 'मावशी, काय म्हणाले ते?'

मी म्हटलं, 'काही नाही. हवेबद्दल.'

तिने कालचा पाव दाबून पाहिला आणि पिशवीत टाकला. एवढंच. घरी येऊन मी तासभर ओटा पुसला. स्वच्छ होता.

२५ एप्रिल

वास असह्य. जेवढा जास्त, तेवढं बरं वाटतं. अर्ज खरा ठरतोय.

२९ एप्रिल

हाजी तय्यब पाहणीला आला. न्यायी माणूस — हे तो स्वतःच सांगतो. 'मी दोन्ही बाजू ऐकणार. मग काढून टाकणार.' तो, लमीन, मनूबिया आणि मी गच्चीवर चढलो. मनूबियाने नाकाला फडकं आधीच लावलं होतं, पहिल्या पायरीपासून.

अफुएने दार उघडलं. एक गादी, एक शेगडी, खिळ्यावर लाल टोप, चादरींचा घड्या घातलेला ढीग. ती कुठल्याशा हॉटेलच्या धुलाईघरात काम करते. खोलीला साबणाचा वास येत होता. फक्त साबणाचा.

खिडकीच्या फटी चिंध्यांनी बुजवलेल्या.

'हे काय?' हाजी तय्यब.

मी दोन्हीकडचं बोलणं पोचवत होते. अफुए म्हणाली, 'वासासाठी. दोन आठवडे खालून येतोय. मला वाटलं, खाली कोणीतरी एकटं राहणारं मेलंय आणि कोणाला कळलेलं नाही. विचारायचं होतं. पण इथे माझ्याशी कोणी बोलत नाही.'

मी खिडकीशी गेले. चिंध्या काढल्या. बरोबर खाली माझा चौक. माझं पिंप. मांजराने पाडला असेल — दगड खाली पडलेला, फळी सरकलेली, आणि आत माझा हेकरू आकाशाकडे बघत पडलेला.

एकटं राहणारं कोणीतरी. मेलेलं. कोणाला न कळलेलं.

'काय दिसतंय, बाई?' हाजी तय्यबने विचारलं.

'काही नाही,' मी म्हटलं. चिंध्या परत लावल्या.

लमीन म्हणाला, 'बघितलंत ना, खिडकी बुजवून ठेवते. लपवायचं नसतं तर कशाला बुजवली असती?' मनूबियाने मान डोलावली. साबणाच्या खोलीत उभी राहून, नाकाला फडकं लावून.

हाजी तय्यबचा न्याय — ईद झाली की आठ दिवसांत खोली रिकामी.

हे मीच तिला फ्रेंचमध्ये सांगितलं. माझं फ्रेंच इतकं स्वच्छ कधी निघालं नव्हतं.

३० एप्रिल

दगड जागेवर ठेवला. वास थांबला. गल्लीत सगळे म्हणतात, हाजी तय्यबने दम दिला म्हणून थांबला.

२ मे, ईद

मासा अप्रतिम झाला. हीच अडचण आहे. बिघडला असता तर पश्चात्ताप सोपा गेला असता. दोन ताटं खाल्ली.

मग ताटं वाटली. आईचा नियम होता, जिच्याशी भिंत लागते तिला आधी ताट. माझी भिंत हाजी तय्यबशी लागते, आणि हाजी तय्यबच्या घरात सध्या एकच माणूस राहतं. नियम हा नियम. (हे मी स्वतःला पटवायला लिहितेय. खरं कारण ते नाही.)

वर गेले. अफुएने झाकण उचललं. वास घेतला. माझ्याकडे पाहिलं. परत वास घेतला.

'मावशी,' ती म्हणाली, 'हाच तो मेलेला माणूस.'

'हो.'

'तुमचा होता?'

'माझाच.'

तिने झाकण ठेवलं. मला वाटलं आता ओरडेल. ती म्हणाली, 'आणि हे तुम्ही खाता? सणाला?'

'तू खाऊन तर बघ.'

'नको. याने मला घरातून काढलंय.'

३ मे

सकाळी तीच खाली आली. ताट परत घेऊन, मासा जसाच्या तसा. ताटात वर एक साबणाची वडी ठेवलेली. हॉटेलची असावी, वर कसलंसं शिंपलं कोरलेलं.

'रिकामं ताट द्यायचं नसतं ना तुमच्यात? धुलाईघरातल्या बाया म्हणाल्या.'

बसली. पाणी प्यायली. मग म्हणाली, 'तो कागद तुम्ही लिहिलाय. धुलाईघरात कळलं, दुकानदार सगळ्यांना सांगतो, बाईंनी लिहिलाय, बाईंनी लिहिलाय. मला वाचून दाखवा.'

'कशाला?'

'माझ्याबद्दल कोणी पहिल्यांदाच काही लिहिलंय.'

चेष्टा करतेय का ते चेहऱ्यावरून कळेना. मी कच्ची प्रत काढली. वाचायचं आणि फ्रेंचमध्ये सांगायचं. माझं फ्रेंच बाजारहाटाचं — भाजी, डॉक्टर, रस्ता. त्यात अलंकार बसत नाहीत. वाक्यं एकेक करून कपडे उतरवायला लागली.

'"हे लोक आले" म्हणजे कोण? मी एकटीच राहते.'

'तू.'

'मग "हे लोक" का?'

'तसं लिहायची पद्धत आहे.'

'बरं. पुढे.'

'"आणि मोगरा निघून गेला."'

'कुठे होता मोगरा?'

'नव्हता.'

'मग गेला कुठून?'

'ते लिहिताना येतं आपोआप.'

'पुढे.'

'"त्यांच्या अनिर्बंध हास्याने आमच्या उपासाची विटंबना होते." म्हणजे तुम्ही मोठ्यांदा हसता.'

'कधी?'

'त्या रविवारी.'

तिने आठवून पाहिलं. 'बियात्रिसने सांगितलं होतं, तिची मालकीण कुत्र्याला टोपी घालते. त्यावर हसलो. एकदा.' दुसरं बोट वर केलं. 'दोनदा.'

अर्ज दीड पानाचा आहे. फ्रेंचमध्ये दहा ओळीसुद्धा झाल्या नाहीत. एवढंच निघालं — एक बाई वर राहते, ती एकदा हसली, आणि माझ्या माशाला वास येतो.

ती उठली. 'सुंदर वाचता तुम्ही,' म्हणाली. यात चेष्टा होती. नक्की होती.

मला तिचा राग आला. मग कळलं, राग यायचं कारण तिच्याकडे नाही. तरी आला. इतक्या वर्षांची सवय आहे.

४ मे

लमीनच्या दुकानात गेले. सगळ्यांसमोर सांगितलं — वास माझ्या माशाचा होता. फळी सरकली होती. अर्ज खोटा आहे. सही मागे घेते.

लमीन, प्रेमाने, 'बाई, बसा. पाणी देऊ?'

'मला काही झालेलं नाही.'

'अहो, आमच्या माशाला वास येत नाही. स्फाक्समध्ये कोणाच्याच माशाला येत नाही. तो सणाचा सुवास असतो.'

'मी स्वतः पाहिलं, लमीन.'

'आणि इतकं सुंदर लिहिलंय, ते खोटं कसं असेल? सहाव्या किलोमीटरवर लोक वाचून रडले.'

मनूबिया वेगळीच पेटली. 'म्हणजे माझाही मासा घाणच म्हण की! तुझ्या आईचा पण म्हण!'

मी म्हटलं, 'तुझा बाजारातला आहे.'

हे बोलायला नको होतं. आता तिला कारण मिळालं.

हाजी तय्यबला फोन केला. त्याने ऐकून घेतलं. म्हणाला, 'बाई, एक्केचाळीस सह्या आहेत.' म्हटलं, आता चाळीस. म्हणाला, 'चाळीससुद्धा पुष्कळ होतात.'

५ मे

चौतीस वर्षं मुलांना सांगितलं, सुंदर लिहा, लोक विश्वास ठेवतील. आता कोणाकडे तक्रार करू?

६ मे

दुसरा अर्ज लिहिला. साधा. मासा माझा, चूक माझी, बाई निर्दोष. दारोदार फिरले. एकही सही नाही. एकजण म्हणाला, 'पहिला जास्त रंगला होता.'

मग वर गेले. अफुए भांडी वर्तमानपत्रात गुंडाळत होती. कुठे जाणार विचारलं. म्हणाली, दहाव्या किलोमीटरवर बियात्रिसच्या खोलीत पाचजणी आहेत, सहावी मावेल. उभी.

मी म्हटलं, 'माझ्याकडे मागची खोली आहे. रिकामी. पुस्तकं आहेत, पण ती काढता येतील.'

ती गुंडाळायची थांबली नाही. 'का?'

मी तयारी करून गेले होते. दोन चांगली वाक्यं होती. ती बाजूला ठेवली. म्हटलं, 'कारण तुझी खोली मी घालवली.'

'बरं. पण मी तुमच्या घरचं काम करणार नाही. इथे कोणी खोली दिली की दुसऱ्या दिवशी झाडू देतात.'

'नको करूस.'

'आणि किल्ली पाहिजे. माझी स्वतःची. खोलीला आतून कडी. भाडं हाजीला देत होते तेवढंच. रविवारी मैत्रिणी येणार.'

'गाणार?'

'गाणार. हसणार पण.'

'कुत्र्याच्या टोपीवर परत?'

'तेव्हाचं तेव्हा बघू.' मग मान वर केली. 'विचार करून सांगते, मावशी.'

मी उपकार करायला गेले होते. मुलाखत देऊन आले.

८ मे

आली. तीन पिशव्या, शेगडी, लाल टोप. गल्ली दारात उभी राहून बघत होती. लमीनने दुकान पुढे ढकलता आलं असतं तर ढकललं असतं, जवळून दिसावं म्हणून.

९ मे

लिहायची लाज वाटते, म्हणून लिहिते. ती कामावर गेल्यावर चमचे मोजले. अकरा. पूर्वीही अकराच होते. बारावा मी सहा वर्षांपूर्वी शाळेच्या सहलीत विसरले.

मोजून झाल्यावर खणासमोर उभी राहिले. अर्ज मागे घ्यायला गेले होते चालत, छाती पुढे काढून. हे कोणाकडून मागे घ्यायचं?

१२ मे

मनूबियाकडून ईदेचं ताट आज परत आलं. दाराच्या पायरीवर ठेवून गेली. रिकामं. घासलेलं. तीस वर्षांत पहिल्यांदा.

अफुएने पाहिलं. उलटं करून बघितलं. मग म्हणाली, 'साबण पण नाही?'

मी हसले. मोठ्यांदा. खिडकी उघडी होती.

१५ मे

लमीन मला कालचा पाव देतो. दाबून पाहिला, पिशवीत टाकला. दाबून काय बघायचं असतं ते आता कळलं — भिजवल्याशिवाय खाता येईल का.

१९ मे

चमचे मोजले नाहीत. मोजले नाहीत हे लक्षात आलं, म्हणजे अजून पुरती सुटले नाही.

२४ मे

तिला माझा स्वयंपाक आवडत नाही. 'तिखट आहे, पण चव कुठाय?' म्हणाली. तिने शेंगदाण्याचं कालवण केलं. मला आवडलं नाही. तसं सांगितलं. तिला राग आला. आम्ही आपापल्या पातेल्यातलं खाल्लं, एकाच टेबलावर.

३० मे

हाजी तय्यबचा फोन. गच्चीवरची खोली रिकामीच पडलीय, कोणी घेईना. अफुए परत येईल का, विचारा म्हणाला. सह्यांचं काय, विचारलं. 'सह्या काय, भाडं देतात का?'

अफुएला निरोप दिला. म्हटलं, तुझी खोली आहे, तुझी इच्छा. वर ऊन चांगलं येतं. मी काही म्हणणार नाही.

ती म्हणाली, 'रविवारी सांगते.'

फोन आल्यापासून मी फार सभ्य वागतेय. रात्री शेंगदाण्याचं कालवण दोनदा मागून घेतलं.

२ जून

तिने पलंगाच्या डुगडुगत्या पायाखाली माझ्या शब्दकोशाचा चौथा खंड घातला! चामडी बांधणीचा! मी बोलले. तीही बोलली — इतके खंड आहेत, वाचता तर एकही नाही, पायाला तरी उपयोग झाला. मी तिला अडाणी म्हटलं. तिने मला खारवलेली म्हातारी म्हटलं. समोर मनूबिया खिडकीत आली, लमीन दुकानाच्या पायरीवर. सगळ्या गल्लीने ऐकलं.

'मी चालले,' अफुए म्हणाली.

'जा,' मी म्हटलं.

दार इतक्या जोरात आपटलं की भिंतीवरचं घड्याळ हललं. बाहेरचं दार नव्हे. तिच्या खोलीचं.